हार्लेमचं कोरी टेन बूम म्युझियम: फुकट टूर, खतरनाक जिने आणि वैऱ्यावर प्रीती वगैरे

रेटिंग आधीच देऊन टाकते, पाचपैकी पाच, आणि ज्यांना गुडघ्यांचा त्रास आहे त्यांनी साडेतीन समजा. आता सविस्तर.

आम्ही नेदरलँड्समध्ये, अॅमस्टरडॅमला लागून असलेल्या अॅमस्टेलव्हीनला राहतो, म्हणजे निम्मं आयटी जिथे राहतं तिथेच, आणि इंडियातून पाहुणे आले की ठरलेलं सर्किट असतं, ट्युलिप सीझन असेल तर क्युकेनहॉफ, नसेल तर पवनचक्क्या, कॅनॉलची बोट, चीज, संपलं. या वेळी आई आली होती नगरहून आणि तिने येतानाच सांगितलं होतं की पवनचक्की मला फोटोत दिसते, मला ती कोरीबाईच्या घरी ने. आमच्या चर्चच्या महिला मंडळात म्हणे या बाईची गोष्ट इतक्या वेळा सांगून झालीये की आईला तिच्या घरातल्या माणसांची नावं आमच्या भावकीपेक्षा जास्त पाठ आहेत. सोबत माझी सांगलीची मैत्रीण पण आली, ती देवधर्मापासून चार हात लांब, तिला फक्त दुसऱ्या महायुद्धात इंटरेस्ट. असं आमचं त्रिकूट.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कोरी टेन बूम ही हार्लेममधली घड्याळजी बाई, 1892 चा जन्म, नेदरलँड्समध्ये घड्याळजी म्हणून लायसन्स मिळालेली पहिली बाई, साल 1922. दुकान तिच्या आजोबांनी 1837 साली टाकलेलं. लग्न केलं नाही, मोठी बहीण बेट्सी पण तशीच, दोघी आणि म्हातारे वडील कॅस्पर असे दुकानाच्या वरच राहायचे. जर्मनांनी 1940 साली देश घेतला आणि पन्नाशीच्या आसपासच्या या दोन बहिणी आणि ऐंशी ओलांडलेले वडील यांनी घरात ज्यू लोकांना लपवायला सुरुवात केली. ते घर म्हणजेच हे म्युझियम, 1988 पासून लोकांसाठी उघडं आहे.

जायचं कसं: अॅमस्टरडॅम सेंट्रलवरून हार्लेमची ट्रेन, पंधरा-वीस मिनिटं, आणि स्टेशनवरून चालत दहा मिनिटांच्या आत. पत्ता बार्टेलयोरिसस्ट्राट 19, अगदी बाजारपेठेतली गल्ली आहे, दोन्ही बाजूला कपड्यांची बुटांची दुकानं, आणि म्युझियमचं असं मोठं गेट बिट काही नाही, खाली दुकान आहे आणि म्युझियमचं दार बाजूच्या बोळात आहे, त्यामुळे पहिल्यांदा जाणारे सगळे पुढे निघून जातात. तिकीट नाही, टूर फुकट आहे, जे द्यायचं ते डोनेशन. पण ऑनलाईन बुकिंग आधी करा, कारण घर छोटं आहे आणि एका वेळी थोडीच माणसं आत घेतात, आणि स्वतःचं स्वतः फिरता येत नाही, गाईडसोबतच जायचं. साधारण तासभर. गाईड सगळे स्वयंसेवक आहेत, डच आणि इंग्लिशमध्ये टूर असतात, बुक करताना भाषा बघून घ्या नाहीतर तासभर डच ऐकत बसाल.

आता जिने. जुन्या डच घरांचे जिने ज्यांनी बघितलेत त्यांना सांगायला नको, जिना कसला शिडीच ती, वर वळणाची. लिफ्ट नाही, असायचं कारणही नाही, दोन जुनी अरुंद घरं मधली भिंत फोडून जोडलीत आणि दोघांचे मजले एका लेव्हलला नाहीत, त्यामुळे सारखं दोन पायऱ्या वर तीन पायऱ्या खाली चालू असतं. आईने दांडा धरून "प्रभू, एवढा वर ने, मग बघू" म्हणत चढाई केली. तुमच्यासोबत खरंच न चालणारं माणूस असेल तर वेबसाईटवर घर ऑनलाईन फिरून बघायची सोय आहे, ती वापरा.

आधी बैठकीच्या खोलीत बसवतात आणि गाईड गोष्ट सांगायला सुरुवात करतात. आमची गाईड एक पांढऱ्या केसांची डच आजी होती, आवाज बारीक पण एकदम ठाम, आणि मला वाटलं होतं की चर्चसारखं प्रवचन होईल पण तिने पहिली वीस मिनिटं नुसतं घर कसं चालायचं तेच सांगितलं. मला तर तोच भाग सगळ्यात भारी वाटला. आपण लहानपणापासून संडे स्कूलमध्ये "आपल्या वैऱ्यांवर प्रीती करा आणि जे तुमचा छळ करतात त्यांच्यासाठी प्रार्थना करा" हे मत्तयच्या पाचव्या अध्यायातलं वचन पाठ करून चॉकलेट मिळवलेली माणसं, आपल्याला ही प्रीती म्हणजे एक मऊ मऊ फीलिंग आहे असं वाटत असतं. या घरात ती रेशनकार्डापासून सुरू होते.

म्हणजे बघा, लपलेल्या माणसाला खायला घालायचं तर रेशन लागणार, आणि ज्यू माणसाला रेशनकार्ड नाही. कोरीच्या ओळखीचा एक जण रेशन ऑफिसात होता, कारण त्याच्या मतिमंद मुलीला ती चर्चच्या वर्गात शिकवायची. ती त्याच्याकडे गेली, मनात होतं पाच कार्डं मागायची आणि तोंडातून निघालं शंभर. त्याने पण दिली, त्यासाठी ऑफिसवर दरोडा पडल्याचं नाटक करावं लागलं, आणि नाटक खरं वाटावं म्हणून त्याला मार पण खावा लागला. ही कार्डं जिन्याच्या एका पायरीखाली चोरकप्पा करून ठेवायचे. सांगलीकर मैत्रीण लगेच कुजबुजली, ही बाई आपल्याकडे असती तर सोसायटीची चेअरमन झाली असती.

मग वरच्या मजल्यावर कोरीची झोपायची खोली, सगळ्यात वर, आणि तिथे ती लपायची जागा. मी फोटो बघितले होते तरी प्रत्यक्षात बघून पोटात गोळा आला. खोलीच्या टोकाला एक खोटी भिंत उभी केली होती, विटांची, लाकडाची नाही कारण लाकडावर ठोकलं की पोकळ आवाज येतो, आणि बांधणारे लोक विटा आणि हत्यारं पिशव्यांतून, वर्तमानपत्रात गुंडाळून वगैरे थोडी थोडी करत आणायचे, म्हणजे दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकाला संशय नको. भिंत नवी दिसू नये म्हणून मुद्दाम डागाळलेला जुनाट रंग दिला. आत जायचा रस्ता कपड्यांच्या फळ्यांच्या कपाटाच्या सगळ्यात खालच्या फळीमागून, पोटावर सरपटत. आतली जागा जेमतेम दोन-अडीच फूट खोल, म्हणजे एका रांगेत उभं राहायचं, बस. आता भिंतीला एक भोक पाडून ठेवलंय म्हणजे आत कसं आहे ते आपल्याला दिसावं. एक फ्रेंच बोलणारं पोरगं कपाटातून घुसलं आणि त्याला बाहेर यायचंच नव्हतं, त्याची आई बिचारी लाजून लाल.

आणि याची प्रॅक्टिस व्हायची! घरात बेल बसवली होती, बेल वाजली की सगळ्यांनी जेवत असाल तर आपलं ताट उचलायचं, झोपला असाल तर गादी उलटी करायची कारण शरीराची ऊब राहते आणि गेस्टापो, म्हणजे नाझींचे गुप्त पोलीस, हात लावून बघतात, आणि वर पळून कपाटात. शेवटी शेवटी सत्तर सेकंदांपर्यंत टाइम आणला होता. एक वयस्कर बाई होत्या त्यांना दमा होता, श्वासाचा आवाज यायचा, म्हणजे लपलेल्या बाकीच्यांचा जीव धोक्यात. त्यांना ठेवायचं की नाही यावर घरात लपलेल्या सगळ्यांचं मत घेतलं आणि सगळे म्हणाले ठेवा. मी हे ऐकून थोडा वेळ पुढचं काही ऐकलंच नाही.

28 फेब्रुवारी 1944. सकाळी दुकानात एक अनोळखी माणूस आला, म्हणाला माझ्या बायकोला पकडलंय, एका पोलिसाला पैसे दिले तर सुटेल, सहाशे गिल्डर (तेव्हाचं डच चलन) पाहिजेत. कोरी तापाने अंथरुणात होती, तशी उठून खाली आली आणि पैशांची सोय करते म्हणाली. तो माणूस खबऱ्या होता. त्याच दिवशी धाड. म्हणजे मदत हाच सापळा होता, कळलं का, तिने नाही म्हटलं असतं तर कदाचित वाचली असती. खिडकीत घड्याळाच्या कंपनीची एक तिकोनी पाटी असायची, अल्पिना, ती दिसली म्हणजे घर सेफ. बेट्सीने धाड पडल्यावर ती पाटी खिडकीतून पाडली, पण पोलिसांच्या लक्षात आलं आणि त्यांनी ती परत लावली, मग संध्याकाळपर्यंत जो येईल तो पकडला गेला. तीसेक माणसं. घरात प्रार्थनेला आलेली साधी माणसं पण त्यात होती. ती पाटी आता म्युझियममध्ये आहे.

पण भिंतीमागचे सहा जण सापडले नाहीत. साधारण 47 तास ते तिथे उभे होते, पाणी नाही, संडास नाही, बाहेर पहारा. नंतर पोलिसांतल्याच फितूर, म्हणजे आपल्या बाजूने फितूर, लोकांनी त्यांना काढलं. या घराच्या जाळ्यातून अंदाजे 800 ज्यू वाचले असं म्हणतात. हे ऐकून छाती फुगते खरी, पण लगेच दुसरा आकडा पण लक्षात ठेवायला हवा, नेदरलँड्समध्ये साधारण 1,40,000 ज्यू होते आणि त्यातले 1,00,000 पेक्षा जास्त मारले गेले. सगळ्या गल्लीत असं एकच घर असायचं, बाकीच्या घरांचे पडदे बंद.

वडील कॅस्पर 84 वर्षांचे. त्यांना अधिकारी म्हणाला, वयाकडे बघून घरी सोडतो, फक्त परत असं करणार नाही म्हणा. म्हातारा म्हणाला, आज घरी सोडलंत तर उद्या जो दार वाजवेल त्याला मी परत आत घेईन. दहा दिवसांत तुरुंगातच गेले. आईने इथे डोळ्याला पदर लावला, तिला गोष्ट पाठ असूनही.

पुढे दोघी बहिणी रावेन्सब्रुकला, बर्लिनच्या उत्तरेला, बायकांची छळछावणी. हा भाग गाईडने फार ताणला नाही आणि मी पण ताणत नाही. फक्त बेट्सीबद्दल सांगते, कारण माझ्या मते या घराची खरी हिरॉइन ती आहे, कोरी नाही. कोरी आपल्यासारखी आहे, तिला राग यायचा, ज्याने पकडून दिलं त्याचं नाव कळल्यावर त्याला मारून टाकावं असं वाटायचं तिला, ते तिने स्वतःच सांगून ठेवलंय. तिने बेट्सीला विचारलं की तुला काहीच वाटत नाही का त्या माणसाबद्दल, तर बेट्सी म्हणाली वाटतं ना, फार वाटतं, मी त्याच्यासाठी रोज प्रार्थना करते, किती त्रासात असेल तो. आता असं कोणी माझ्यासमोर बोललं असतं तर मी बोलणाऱ्यालाच दोन लावल्या असत्या हे कबूल. पण ती हे एसी हॉलमधल्या सत्संगात बसून नाही म्हणाली. पहारेकरीण चाबूक मारते आणि ही बाई तो वळ हाताने झाकते, कोरीला दिसू नये म्हणून, तिचा द्वेष वाढू नये म्हणून. 16 डिसेंबर 1944 ला ती तिथेच गेली, 59 वर्षांची. आणि जायच्या आधी प्लॅन देऊन गेली: युद्ध संपलं की एक मोठं घर घ्यायचं, छळातून आलेल्यांसाठी, आणि एक कॅम्प जर्मनांसाठी, ज्यांना द्वेष शिकवलाय त्यांना प्रेम शिकवायला. हे दुसरं ऐकून कोरीची काय हालत झाली असेल! डिसेंबर संपता संपता कोरी सुटली, ती पण ऑफिसच्या कारकुनी चुकीने.

आता इथपर्यंतची गोष्ट बहुतेक लोकांना माहीत असते, आणि म्युनिकची पण. म्हणजे 1947 ला ती जर्मनीत एका चर्चमध्ये देव क्षमा करतो असं बोलत होती आणि भाषण संपल्यावर समोरून आला तो रावेन्सब्रुकचा पहारेकरी, म्हणाला मी ख्रिस्ती झालोय, देवाने मला माफ केलंय, आता तुमच्या तोंडून ऐकायचंय, आणि हात पुढे केला. तिचा हात उठेना. तिने मनात प्रार्थना केली की मी फक्त हात उचलू शकते, भावना तू दे, आणि लाकडासारखा हात पुढे केला आणि मग काहीतरी झालं. आमच्या चर्चमध्ये ही गोष्ट दर दोन वर्षांनी एकदा प्रवचनात येतेच आणि पाळक नेहमी "काहीतरी झालं" वर जोर देतात. मला आता, ते घर बघून आल्यावर वाटतं की जोर "लाकडासारखा" वर द्यायला पाहिजे. तिला काही वाटत नव्हतं आणि तरी तिने हात दिला, सगळी मेख तिथे आहे. वाटायची वाट बघत बसली असती तर अजून तिथेच उभी असती.

मैत्रीण काय म्हणाली ते पण लिहिते कारण तिचं म्हणणं वजनदार आहे. बाहेर आल्यावर म्हणाली, अगं हे सगळं ठीक आहे, पण ज्याला लागलंय त्याला माफ कर म्हणून सांगायला नेहमी बाकीचे पुढे असतात, आपल्याकडे सासरी मार खाणाऱ्या बाईला पण हेच सांगतात. एकदम बरोबर. आणि म्हणूनच या बाईचा हिशोब नीट बघायला हवा. तिने माफी दिली ती तिच्या वाटणीची, तिचा बाप, तिची बहीण, तिचे दहा महिने. ज्यूंच्या वतीने माफ करायचा अधिकार तिला नव्हता, कोणाही बाहेरच्याला नसतो. आणि माफ करायच्या आधी तिने काय केलं होतं बघा, भिंत बांधली होती, खोटी कार्डं मिळवली होती, पोलिसांना फसवलं होतं. वैऱ्यावर प्रीती म्हणजे वैऱ्याला दार उघडून पत्ता सांगणं असं त्या घरात कोणालाच वाटलं नाही. मार खाणाऱ्या बाईला आधी भिंतीमागे जागा द्या, सत्तर सेकंदांत बाहेर काढा, मग क्षमेचं तिचं तिला ठरवू दे.

आईला हे ऐकून ग्लॅडिस स्टेन्स आठवल्या. जानेवारी 1999, ओरिसातलं मनोहरपूर, कुष्ठरोग्यांची सेवा करणारे त्यांचे नवरे ग्रॅहम स्टेन्स आणि दोन मुलं, फिलिप दहा वर्षांचा आणि टिमोथी सहाचा, रात्री जीपमध्ये झोपलेले असताना जमावाने जाळलं. आई सांगते की आमच्या चर्चमध्ये त्या रविवारी कोणाला गाणं म्हणता येत नव्हतं. आणि ग्लॅडिसबाई म्हणाल्या मी माफ केलंय, पण कायद्याचं काम कायदा करेल. आणि सामान बांधून ऑस्ट्रेलियाला निघून गेल्या नाहीत लगेच, बारिपदाला राहून कुष्ठरोग्यांचं काम अजून पाच वर्षं चालवलं, तिथे हॉस्पिटल उभं राहिलं 2004 ला, पद्मश्री 2005 ला. कोर्टात केस चालत राहिली, शिक्षा झाली, जन्मठेप. दोन्ही गोष्टी एकाच वेळी. बरेच लोक यातलं एकच धरतात, एक तर क्षमा म्हणजे केस मागे घ्या, नाहीतर केस म्हणजे क्षमा खोटी.

बरं, म्युनिकपेक्षा मला जास्त भिडलेली गोष्ट वेगळीच आहे आणि ती फारशी कोणी सांगत नाही. युद्ध संपल्यावर कोरीने हे घर, ज्यात आपण टूर करतो ते हेच घर, कोणाला दिलं माहितेय? एनएसबीच्या लोकांना. एनएसबी म्हणजे डच नाझी पार्टी, म्हणजे ज्यांनी शेजाऱ्यांना पकडून दिलं ती माणसं. युद्धानंतर त्यांना कोणी घर देत नव्हतं, काम देत नव्हतं, लोक रस्त्यात थुंकत होते आणि का थुंकू नये. बेट्सीचं ते मोठं घर हार्लेमजवळच्या ब्लूमेंडालला एका श्रीमंत बाईंनी दिलं होतं, तिथे कॅम्पमधून आलेले, वर्षानुवर्षं माळ्यांवर लपलेले असे लोक बरे होत होते. सुरुवातीला तिने दोन्हीकडचे लोक एकत्र ठेवून बघितले तर भांडणंच भांडणं, मग शहाणपणाने वेगळे केले, पीडित ब्लूमेंडालला आणि हे फितूर लोक इथे, तिच्या बापाच्या घरात. आणि मग एक दिवस ब्लूमेंडालच्या बागेत काम करणाऱ्यांपैकी कोणीतरी विचारलं, ते तुमच्या घरात राहतात ना, त्यांना आपल्या बागेतली गाजरं चालतील का?

गाजरं. म्हणजे क्षमेचं भाषण नाही, मिठी नाही, गाजरं. मला वाटतं माझ्यासारख्या माणसाला एवढंच जमण्यासारखं आहे. आणि ते सुद्धा त्यांनी स्वतः विचारलं, कोरीने द्या म्हटलं नाही.

पकडून देणाऱ्याला पण तिने जून 1945 मध्ये पत्र लिहिलं, म्हणजे सुटून सहा महिने झालेत फक्त. पत्रात गोड गोड काही नाही, तुमच्यामुळे वडील गेले, बहीण गेली, मी दहा महिने कैदेत होते हे सगळं स्पष्ट लिहिलंय, आणि मग लिहिलंय मी तुम्हाला माफ केलं. आधी बिल, मग माफी. हा क्रम मला आवडतो, आपल्याकडे "जाऊ दे झालं गेलं" म्हणून बिलच फाडून टाकतात आणि मग ते वीस वर्षांनी लग्नाच्या मांडवात बाहेर येतं.

आणि गंमत ऐका, हीच बाई नंतर म्हातारपणी सांगते की पहारेकऱ्याला माफ केलं पण चर्चमधल्याच काही जवळच्या लोकांनी दुखावलं ते काही केल्या जाईना, झोप उडाली, त्यांची पत्रं पुरावा म्हणून जपून ठेवली होती. एका पाळकाने तिला चर्चच्या घंटेकडे बोट दाखवून सांगितलं की दोर सोडला तरी घंटा थोडा वेळ वाजत राहते, तसं आहे, तू दोर सोडलायस ना मग वाजू दे, हळूहळू थांबेल. आणि पत्रं तिने शेवटी जाळली. आई म्हणाली, बघ, वैऱ्याला माफ करणं एक वेळ जमेल, जावेला नाही. हे ती कोणाबद्दल बोलत होती ते आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे आणि इथे लिहिणार नाही.

एक नोट, टूरच्या शेवटी गाईड स्वतःच्या विश्वासाबद्दल पण बोलतात, येशूबद्दल. कोणाला त्याचं वावडं असेल तर आधी माहीत असलेलं बरं. जबरदस्ती काही नाही, पण हे घरच मुळात त्या विश्वासावर चाललं होतं, 1844 पासून या घरात ज्यू लोकांसाठी प्रार्थना व्हायची, आणि धाड पडली ती बरोबर शंभर वर्षांनी. त्यामुळे धर्म बाजूला काढून नुसती महायुद्धाची टूर द्या म्हटलं तर काय उरणार, एक कपाट. नास्तिक मैत्रिणीला शेवटच्या भागात अडचण येईल असं मला वाटलं होतं तर ती उलट म्हणाली की मला तर आजीच्या देवघरासमोरचं पसायदान आठवत होतं, जे खळांची व्यंकटी सांडो. खळ मरोत असं माउलींनी कुठे मागितलंय, त्यांचा वाकडेपणा जावो एवढंच मागितलं. आईला पसायदान शाळेपासून पाठ, तिने पुढची ओळ लगेच म्हटली, तया सत्कर्मी रती वाढो, आणि मग त्या दोघींनी हार्लेमच्या बोळात उभं राहून पूर्ण म्हटलं. एक डच काका सायकल थांबवून ऐकत होते. मी फोटो काढला नाही कारण मला लाज वाटत होती, आता वाटतं काढायला पाहिजे होता.

बैठकीच्या खोलीतला तो भरतकामाचा तुकडा चुकवू नका, एका बाजूने मुकुट आणि उलटीकडून सगळा दोऱ्यांचा गुंता. कोरी भाषणांत हा दाखवायची. मला स्वतःला हे जरा जास्तच सोपं वाटतं, सगळ्या गुंत्यामागे डिझाईन असतंच असं मी बेट्सीच्या समोर तरी म्हणू शकले असते का माहीत नाही, पण आईने त्याच्यासमोर पाच मिनिटं घालवली, त्यामुळे गप्प.

मुलांना न्यावं का? दहाच्या पुढच्यांना नक्की, त्यांना कपाट आवडेल आणि प्रश्न विचारतील, त्याची उत्तरं तयार ठेवा. लहान बाळं, प्रॅम वगैरे अजिबात नको, जिना विसरू नका. मोठ्या बॅगा घेऊन जाऊ नका, वळायला जागा नाही. आमच्या जीभ चालवणाऱ्या लोकांसाठी खास सूचना, गाईड बोलत असताना मराठीत कुजबुजलं तरी त्या छोट्या खोलीत सगळ्यांना ऐकू जातं, आजीने आमच्याकडे दोनदा बघितलं.

नंतर वेळ असेल तर दोन मिनिटांवर ग्रोटे मार्कट हा मुख्य चौक आहे, तिथलं सेंट बाव्हो चर्च बघा, त्यातल्या ऑर्गनवर मोझार्टने 1766 साली लहान पोरगा असताना वाजवलंय. शनिवारी गेलात तर चौकात बाजार भरतो, गरम स्ट्रूपवाफल (मध्ये पाक भरलेले पातळ गोड वेफर) मिळतात, आईला चिक्कीपेक्षा जास्त आवडले आणि हे तिने मान्य करणं म्हणजे मोठीच गोष्ट. चौकाजवळच्या एका कॅफेत मात्र आम्हाला तीन कॉफींचे जे पैसे पडले त्याबद्दल अजून माझ्याकडून क्षमा झालेली नाही, दोर धरूनच ठेवलाय.

डोनेशन बॉक्स दाराजवळ आहे, फुकट आहे म्हणून फुकट येऊ नका. रविवारी बंद असतं, बाकीच्या वेळा वेबसाईटवर बघून घ्या आणि सुट्टीच्या सीझनमध्ये स्लॉट लवकर भरतात, आईबाबांचं तिकीट बुक झालं की हे पण लगेच करून टाका.